रानपिंगळ्याची नोंद

पिंगळा ठाऊक नाही असे माणूस आपल्या घरांत सहसा सापडत नाही. इंदूरच्या जुन्या वाड्यांतून ज्यांचे बालपण गेले, त्यांनी तो वळचणीत, पिंपळाच्या ढोलीत किंवा विजेच्या तारेवर बसलेला पाहिलेला असतो. पाहिला नसेल, तर दिवेलागणीच्या वेळचे त्याचे चिरक्या आवाजातील भांडण तरी ऐकलेले असते. घरातील वडीलधारी मंडळी त्याच्या ओरडण्यावरून शकुन सांगत. पहाटे दारात येऊन भविष्य सांगणारा आणि पक्ष्याची भाषा आपल्याला कळते म्हणणारा भिक्षेकरीही त्याच्याच नावाने ओळखला जाई. इतक्या परिचयाच्या पक्ष्याकडे निरखून कोणी पाहत नाही. नाव ठाऊक असले म्हणजे ओळख झाली, असे आपण समजतो. वास्तविक नाव ठाऊक असणे आणि ओळख पटणे या दोहोंत पुष्कळ अंतर आहे, आणि ते अंतर आमच्या ध्यानात आणून दिले ते याच पिंगळ्याच्या एका रानातल्या भावंडाने.

राज्य शासनाच्या महसूल खात्यातील नोकरीतून मोकळे झाल्यावर आम्ही सकाळी सिरपूर तलावावर फेरीला जाऊ लागलो. होळकरांच्या काळात बांधलेल्या या तलावाला २०२२ साली रामसर स्थळांच्या यादीत जागा मिळाली. त्याच्या कितीतरी आधीपासून आमचे एक मावसभाऊ तेथे दुर्बीण घेऊन हिंडत असत. आमच्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठे असल्याने आम्ही त्यांना दादा म्हणतो. त्यांनी आयुष्यभर शाळेत गणित शिकविले. त्यांची एक कापडी बांधणीची वही आहे. तीत दिनांक, स्थळ, वेळ, उजेड, खुणा आणि शेवटी पक्ष्याचे नाव असे रकाने त्यांनी स्वतः पट्टीने आखले आहेत. नाव शेवटी का, असे आम्ही प्रथम विचारले, तेव्हा ते म्हणाले, ‘‘उत्तर आधी लिहून मग रीत मांडणारी मुले मी पस्तीस वर्षे पाहिली आहेत.’’ खुणांचा रकाना भरल्याखेरीज नावाचा रकाना भरायचा नाही, हा त्यांचा नियम. त्या वहीत पावणेचारशेच्या आसपास पक्षी होते, रानपिंगळा नव्हता. आणि तो एकदा पाहावा, ही त्यांची फार दिवसांची इच्छा होती.

रानपिंगळा, ज्याला कोणी वनपिंगळा असेही म्हणतात, दिसायला प्रथमदर्शनी आपल्या पिंगळ्यासारखाच. पिंगळा सुमारे एकवीस सेंटिमीटरचा, तर हा तेवीसचा. झाडाच्या शेंड्यावर बसलेल्या पक्ष्याच्या बाबतीत हा फरक डोळ्यांना कळत नाही. कळतात त्या खुणा निराळ्या. पिंगळ्याच्या डोक्यावर व पाठीवर पांढरे ठिपके विखुरलेले असतात, मानेमागे अर्धवट कॉलरसारखा पांढरा पट्टा असतो आणि पोटावर तपकिरी ठिपक्यांच्या तुटक ओळी असतात. रानपिंगळ्याचे डोके आणि पाठ करड्या-तपकिरी रंगाची व जवळजवळ कोरी. ठिपके असलेच तर दुरून दिसू नयेत इतके फिके. छातीवर गडद तपकिरी रंगाचा रुंद पट्टा आणि त्याखाली पोटाचा मधला भाग स्वच्छ पांढरा. पंखांवर आणि शेपटीवर ठळक पांढरे पट्टे. पाय बोटांपर्यंत दाट पांढऱ्या पिसांनी झाकलेले. डोके व चोच अंगाच्या मानाने मोठी. याच जंगलात अंगभर बारीक आडव्या रेघांचे आणखी एक लहान घुबड राहते, इंग्रजीत ज्याला जंगल औलेट म्हणतात. तेव्हा गोंधळाला तिसरी वाटही मोकळी आहे. म्हणून उजेड चांगला हवा, पक्षी समोरून आणि पाठीमागून असा दोन्ही बाजूंनी दिसायला हवा, आणि पाहणाऱ्याला घाई नको.

या पक्ष्याचा इतिहास आम्ही वाचला तेव्हा त्यात आम्हांला जणू आमच्याच व्यवसायातील माणसे भेटली. त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन १८७३ साली ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी प्रसिद्ध केले. १८८५ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय सभेचे प्रवर्तक म्हणून आपण त्यांना ओळखतो. परंतु ते मुळात मुलकी अधिकारी. १८५७ च्या धामधुमीत ते इटाव्याचे कलेक्टर होते आणि पुढे हिंदुस्थान सरकारच्या महसूल व कृषी खात्याचे सचिव झाले. दौऱ्यांतून आणि मित्रांकडून त्यांनी पक्ष्यांचे एवढे नमुने जमविले की अखेरीस पाऊण लाखाहून अधिक नमुने लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला गेले. आयुष्यभराच्या टिपणांतून तयार केलेली त्यांची हस्तलिखिते मात्र सिमल्याच्या घरातून एका नोकराने रद्दी म्हणून विकली. त्यानंतर ह्यूम यांनी पक्षिशास्त्राला रामराम ठोकला. दप्तर जपण्याची जबाबदारी ज्याने वाहिली आहे, त्यालाच त्या आघाताची कल्पना यावी.

रानपिंगळ्याचा पहिला नमुना त्यांना पाठविला तो एफ. आर. ब्लेविट यांनी, डिसेंबर १८७२ मध्ये, आज छत्तीसगडात असलेल्या फुलझर भागातून. पक्ष्याच्या शास्त्रीय नावात ब्लेविट यांचे नाव ह्यूम यांनी गुंफले. १८७७ साली व्हॅलेंटाइन बॉल या भूगर्भशास्त्रज्ञाला खरियारच्या बाजूला तो मिळाला. त्यानंतरचे नमुने आले ते आपल्या खानदेशातून. मुंबई इलाख्याच्या मुलकी सेवेतील जेम्स डेव्हिडसन यांनी १८८० नंतरच्या तीन-चार वर्षांत शहादे-तळोद्याच्या परिसरात ते जमा केले. १८८४ नंतर मात्र रानपिंगळा कोणाला दिसला नाही. जगभरच्या संग्रहालयांत हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढी त्याची पेंढा भरलेली शरीरे आणि त्यांच्या पायांना बांधलेल्या चिठ्ठ्या, एवढाच त्याचा पुरावा उरला.

त्या चिठ्ठ्यांत एक चिठ्ठी वेगळी होती. ९ ऑक्टोबर १९१४ रोजी गुजरातेत तापीकाठच्या मांडवी येथे हा पक्षी मिळाला, असे तीवर लिहिलेले होते आणि लिहिणारे होते कर्नल रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन. हे गृहस्थ पराक्रमी सैनिक आणि नामांकित पक्षिशास्त्रज्ञ म्हणून मान्यता पावलेले. त्यांच्या शब्दावर शंका घेणार कोण? त्यामुळे रानपिंगळा १९१४ पर्यंत जिवंत होता आणि तो गुजरातेतील तापीकाठी राहत होता, असे ग्रंथांत नोंदले गेले. पुढे सालीम अली आणि डिलन रिप्ले यांच्यासारख्या जाणत्यांनीही शोध घेतला, तो व्यर्थ गेला. अधूनमधून कोणी छायाचित्र पुढे आणी. बारकाईने पाहता ते साध्या पिंगळ्याचे निघे. पक्षी नामशेष झाला असावा, असे हळूहळू बहुतेकांचे मत झाले.

रिप्ले यांच्या हाताखाली काम केलेल्या पामेला रासमुसेन या विदुषी दक्षिण आशियातील पक्ष्यांवरील ग्रंथासाठी जुने नमुने तपासत होत्या. माइनर्ट्‌झहागेन यांच्या संग्रहातील अनेक नमुने चोरीचे असून त्यांवर खोट्या चिठ्ठ्या बांधल्या आहेत, हे त्या तपासणीतून उघडकीस येऊ लागले. मांडवीचा रानपिंगळाही त्यांतलाच निघाला. क्ष-किरण चित्रे, कातडे शिवण्याची पद्धत, आत भरलेला कापूस यांवरून तो डेव्हिडसन यांनीच खानदेशात मिळविलेला, संग्रहालयातून लांबविलेला आणि पुन्हा नव्याने भरलेला नमुना असल्याचे ठरले. रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी १९९९ साली ते सविस्तर प्रसिद्ध केले. परंतु खरी गंमत त्याच्याही आधी घडली. मांडवीची चिठ्ठी बाजूला ठेवून, खऱ्या चिठ्ठ्यांवरची गावे हाती धरून रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हे तिघे हिंडत निघाले, आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळच्या उन्हात शहाद्याजवळ रानपिंगळा त्यांच्यासमोर झाडावर बसलेला होता. शहादे तेव्हा धुळे जिल्ह्यात होते. नंदुरबार जिल्हा पुढच्या वर्षी झाला. १८८४ ते १९९७, म्हणजे एकशे तेरा वर्षे. डेव्हिडसन यांनी लिहिलेले गाव खरे होते म्हणून पक्षी सापडला. खोट्या गावाने एवढी वर्षे लोकांना भलतीकडे फिरविले.

येथे एक प्रश्न कोणी विचारील. अलीकडच्या काळात गुजरातेतील डांग जिल्ह्यातल्या पूर्णा अभयारण्यात रानपिंगळा खरोखरच आढळला आहे. मांडवीपासून ती वनराजी फार दूर नाही. मग कर्नलसाहेबांनी लिहिले त्यात तथ्य निघालेच ना? आम्हांला तसे वाटत नाही. पक्षी गुजरातेत आहे, हे ज्यांनी पायपीट करून पाहिले त्यांच्यामुळे खरे ठरले. न पाहता लिहिलेली गोष्ट पुढे योगायोगाने सत्याच्या जवळपास गेली, तरी लिहिण्याच्या क्षणी ती खोटीच होती.

हे आम्ही एवढ्या आग्रहाने म्हणतो, याला आमच्या नोकरीतील एक प्रकरण कारणीभूत आहे. फार वर्षांपूर्वी एका तहसिलीत आमची बदली झाली असता एका विधवा बाईचे प्रकरण आमच्यासमोर आले. ओढ्याकाठची तिची दोन एकर जमीन खसऱ्यात पडीत म्हणून लागलेली होती आणि त्यावरून शेजाऱ्याने तीवर हक्क सांगितला होता. आधीच्या कोणा कर्मचाऱ्याने ‘स्थळपाहणी केली, पीक आढळले नाही’ असा शेरा मारलेला होता. आम्ही स्वतः जागेवर गेलो. तेथे सात-आठ वर्षांची संत्र्याची झाडे उभी होती. शेरा मारणारा ओढ्याच्या पलीकडे कधी गेलाच नव्हता. तो शेरा लिहायला त्याला अर्धा मिनिट लागला असेल. तो खोडून निघायला त्या बाईची अकरा वर्षे गेली, कारण कागदावर एकदा आलेले वाक्य पुढच्या प्रत्येक कागदात उतरत जाते आणि दर उताऱ्यागणिक त्याचे वजन वाढते. त्या दिवसापासून ‘पाहिले’ हे क्रियापद आम्ही जपून वापरतो.

२०२२ च्या डिसेंबरात आम्ही दादांना घेऊन खकनारच्या जंगलाकडे निघालो. रानपिंगळा पुन्हा सापडल्यानंतर झालेल्या पाहण्यांत तो खानदेशातील तोरणमाळ व यावल, विदर्भातील मेळघाट आणि आमच्या मध्य प्रदेशातील बुऱ्हाणपूर-खंडवा जिल्ह्यांतील जंगलांत आढळला; २०१४ साली तर मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यातही तो दिसला. त्यांपैकी खकनार इंदूरकरांना सर्वांत सोयीचे. सिमरोळचा घाट उतरावा, मोरटक्क्याला नर्मदा ओलांडावी आणि सनावदवरून असीरगड उजव्या हाताला येईपर्यंत चालत राहावे. बुऱ्हाणपूरची तापी ओलांडली की पुढे सातपुड्याच्या उतरणीवरचे साग, सालई, धावडा, अंजन यांचे विरळ जंगल सुरू होते. रानपिंगळ्याला हेच मानवते. त्याला घनदाट अरण्य नको. टेहळणीला उघडे शेंडे, खाली सरडे-उंदीर धावतील अशी मोकळी जमीन आणि अंडी घालायला जुन्या झाडांच्या ढोल्या हव्यात.

दादांचे वय तेव्हा शहात्तर झालेले होते. काचबिंदूने त्यांच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेली होती आणि डाव्याची मावळत होती. डॉक्टरांनी काही आशा दिलेली नव्हती. त्यांनी ते आम्हांला सांगितले नव्हते. वहिनींनी निघताना जिन्यात थांबवून सांगितले, ‘‘भाऊजी, यंदा दाखवता आला तर दाखवा. पुढच्या वर्षीचे काही खरे नाही.’’

पहिले दोन दिवस काहीच दिसले नाही. वनविभागाच्या परवानगीने मिळालेला वाटाड्या कोरकू तरुण होता. त्याच्या मोबाइलमध्ये रानपिंगळ्याची हाक होती. ती वाजवली की पक्षी उत्तर देतो, कधी जवळही येतो, असे त्याने सांगितले. मोजणी करणारे अभ्यासक हा उपाय जपून वापरतात, हे आम्ही ऐकून होतो. परंतु ऑक्टोबरपासून उन्हाळ्यापर्यंत त्याचा विणीचा काळ. अशा वेळी आपल्या हद्दीत परका शिरला असे भासवून त्याला घरट्यापासून उठवायचे, तेही केवळ आमच्या हौसेसाठी, हे दादांना पटेना. ‘‘खोटी हाक घालून बोलावलेला पाहुणा मला नको,’’ ते म्हणाले. मोबाइल खिशात गेला.

दुसऱ्या दिवशी सूर्य टेकला असता नाल्यापलीकडच्या वठलेल्या सालईवर एक लहान घुबड येऊन बसले. पश्चिमेचे आकाश त्याच्या मागे होते. डोके वाटोळे आणि मोठे, बसणे ताठ. वाटाड्या हलक्या आवाजात म्हणाला, ‘‘वही है, बाबूजी.’’ गाडीवाल्यानेही मान डोलावली. आम्ही दुर्बीण लावली. काळी आकृती स्पष्ट होती; परंतु पाठीवर ठिपके होते की नव्हते, मानेमागे पांढरे होते की नव्हते, पोट कोरे की रेघांचे, यांतले काहीही त्या उजेडात दिसेना. मिनिटभराने ते लाटेसारखे वर-खाली होत उडाले. पिंगळाही असाच उडतो.

दादा काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते. त्यांना त्या दिशेला उजेड आणि अंधार यांखेरीज काही दिसत नसावे. त्यांनी विचारले, ‘‘तोच ना?’’

त्या प्रश्नापुढे आम्ही किती वेळ उभे होतो, कोण जाणे. ‘हो, तोच’ एवढे म्हटले असते तर पाच दशकांच्या वहीतील राहिलेली जागा भरली असती. त्यात कोणाचे नुकसान नव्हते. तेथे असलेले सर्व जण तेच म्हणत होते, आणि कदाचित ते खरेही असेल. वहिनींचा जिन्यातला आवाज आमच्या कानांत होता. आम्ही म्हणालो, ‘‘दादा, घुबड पाहिले, लहान घुबड, हे खरे. कोणते, ते सांगता येत नाही. उजेड नव्हता.’’

ते काही बोलले नाहीत. विश्रामगृहावर परतल्यावर जेवणही मुकाट्याने झाले. आम्हांला वाटले, आपण निष्ठुर वागलो; माणसाहून नियम मोठा धरला. नऊच्या सुमारास त्यांनी पिशवीतून वही काढली, आमच्या हातात दिली आणि म्हणाले, ‘‘मला ओळी दिसत नाहीत. तुम्ही लिहा. जे पाहिलेत तेच लिहा.’’ मग त्यांनी सांगितले तसे आम्ही उतरवून घेतले: स्थळ, वेळ पाच पन्नास, उजेड अपुरा, खुणा, लहान घुबड, ताठ बसणे, लाटेसारखी झेप, नाव, अनिश्चित. त्यांनी त्या ओळीखाली अंदाजाने सही केली. सही थोडी तिरकी गेली.

पुढच्या वर्षी दादांना प्रवास झेपण्यासारखा राहिला नाही. २०२४ च्या जानेवारीत आम्ही एकटेच खकनारला गेलो. वाटाड्या तोच होता. तिसऱ्या दिवशी सकाळी साडेआठच्या सुमारास, धुके वितळून ऊन सागाच्या शेंड्यांवर आले असता तो थांबला आणि बोटही न उचलता म्हणाला, ‘‘सामने. गर्दन देखना, बाबूजी.’’ वर्षभरापूर्वी आम्ही कशासाठी अडलो होतो, हे त्याच्या बरोबर ध्यानात राहिले होते.

पाने झडलेल्या सागाच्या अगदी वरच्या फांदीवर तो उन्हात बसला होता. आपला पिंगळा अशा वेळी ढोलीत डोळे मिटून बसतो. हा मात्र दिवसाचा कारभारी. प्रथम तो आमच्याकडे पाठ करून होता. डोके कोरे. पाठ कोरी. मानेमागे पांढरे काही नाही. मग त्याने मान वळविली आणि पिवळे डोळे आमच्यावर रोखले. थोड्या वेळाने तो फांदीवर फिरला, तेव्हा छातीवरचा गडद पट्टा, त्याखालचे पांढरे पोट आणि लोकरी मोजे घातल्यासारखे पाय एकामागून एक दिसले. खालच्या गवतात काही हालचाल झाली असावी. त्याची नजर तेथे खिळली आणि शेपटी झटक्या-झटक्याने डावी-उजवीकडे हलू लागली. त्या हालचालीत शेपटीचे पांढरे पट्टे लखलखत. शिकारीच्या तयारीत असता तो शेपटी अशी हलवितो, हे आम्ही वाचले होते. तरी प्रत्यक्ष पाहताना ते वाचल्याची आठवणही राहिली नाही. एकदम तो दगडासारखा खाली पडला, आणि वर आला तेव्हा त्याच्या पंजात सरडा होता. शेजारच्या सालईवर तो खायला बसला, तोच चार-पाच लहान पक्षी त्याच्याभोवती कलकलाट करू लागले. त्यांच्याकडे त्याने लक्ष दिले नाही. खाणे संपल्यावर दोन अक्षरांची एक आखूड, गोड हाक त्याने घातली. नाल्याच्या वरच्या अंगाने तशीच हाक आली. म्हणजे तो एकटा नव्हता.

पंचवीस मिनिटे आम्ही त्याला पाहिले. आम्ही आपल्या वहीत प्रथम खुणा लिहिल्या, एकूण सात. आणि मग नाव लिहिले. वाटाड्याने वही मागून घेतली आणि मराठी वाचता येत नसतानाही अक्षरांवरून बोट फिरविले.

परतताना त्याने आम्हांला टेकडीच्या पलीकडची बाजू दाखविली. तेथे सागाची खोडे गुडघ्याएवढी उरलेली होती आणि मधल्या जागेत तूर उभी होती. बुऱ्हाणपूर जिल्ह्यात, विशेषतः नेपानगरच्या बाजूला, २०२२-२३ मध्ये अतिक्रमणासाठी झालेल्या जंगलतोडीच्या बातम्या आपण वृत्तपत्रांतून वाचल्या आहेत. रानपिंगळ्याला अतिसंकटग्रस्त वर्गातून काढून २०१८ साली संकटग्रस्त वर्गात घातले गेले, कारण तो पूर्वीच्या समजुतीहून अधिक ठिकाणी आढळला. तरी जगातील एकूण प्रौढ पक्ष्यांची संख्या हजाराच्या आतच असावी असा अंदाज आहे. हे पक्षी मुख्यतः मध्य भारतातील या कोरड्या पानगळीच्या वनांत राहतात. भारताबाहेर तो कोठेही नाही. कोणत्या टेकडीवर तो आहे हे नोंदलेले असले, तर ती टेकडी वाचविण्यासाठी अर्ज तरी करता येतो, आणि अर्जावर निर्णय देणारा अधिकारी विचारतो तो एकच प्रश्न: प्रत्यक्ष कोणी पाहिले? त्या प्रश्नाला दिलेले एक खोटे उत्तर पुढच्या दहा खऱ्या उत्तरांची किंमत घालविते. आम्ही त्या खुर्चीवर बसलेलो असल्याने हे खात्रीने सांगू शकतो.

इंदूरला आल्यावर दुसऱ्याच दिवशी दादांकडे गेलो. त्यांना आता समोरच्या माणसाचा चेहरा दिसत नाही, पावलांवरून ओळखतात. बातमी ऐकून त्यांनी अभिनंदन केले नाही, उलटतपासणी घेतली. ऊन कोणत्या बाजूला होते? मानेमागे काय होते? पोट मधोमध कसे? जंगल औलेट नव्हे कशावरून? हाक ऐकली तर ती किती अक्षरांची? प्रत्येक उत्तरानंतर ते ‘‘हं’’ म्हणत. सगळे प्रश्न संपल्यावर खुर्चीत मागे टेकून ते पुष्कळ वेळ हसत राहिले. वहिनी आतून पाहायला आल्या.

आम्ही म्हणालो, ‘‘दादा, तुमची वही द्या. गेल्या खेपेच्या ओळीखाली आजची ओळ लिहितो. जागा तीच, नालाही तोच.’’

त्यांनी वही काढून दिली. पण आम्ही लेखणी उघडल्याचा आवाज होताच आपला हात पानावर ठेवला. म्हणाले, ‘‘तुमच्या वहीत लिहिलेत ना? मग झाले. या वहीत मी पाहिलेले असते.’’

‘‘निदान जुन्या ओळीत दुरुस्ती करू? बहुधा तोच होता तो.’’

‘‘नको. त्या दिवशी उजेड नव्हता.’’

मग वहिनींनी चहा आणला आणि दादांनी पुन्हा पहिल्यापासून सर्व सांगायला लावले. या वेळी प्रश्न न विचारता, डोळे मिटून.